गुपित, सत्य आणि जबाबदारी : पत्रकार सीमोर हर्श यांचे जीवितकार्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मी शिक्षक असताना एकदा एक विद्यार्थी हळूच जवळ येऊन म्हणाला, "गुरुजी, कंपासपेटी अमक्याने चोरली, पण माझे नाव सांगू नका." मी अधिक चौकशी न करता त्या दुसऱ्या मुलास वर्गाबाहेर उभे केले. दोन दिवसांनी ती पेटी मालकाच्या घरीच सापडली. मी त्या मुलाची भर वर्गात क्षमा मागितली. पण त्याची खाली गेलेली मान मला आजही आठवते. सांगणाऱ्यास अभय देणे हे जसे माझे कर्तव्य, तसेच ज्याचे नाव घेतले गेले त्याच्यावर अन्याय होऊ न देणे हेही माझेच कर्तव्य होते.

ही दोन कर्तव्ये जन्मभर एकत्र सांभाळावी लागतात, असा एक व्यवसाय आहे. तो म्हणजे राष्ट्राच्या संरक्षणविषयक गुपितांचा शोध घेणाऱ्या पत्रकाराचा. अमेरिकेतील सीमोर हर्श यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

हर्श यांचा जन्म १९३७ साली शिकागो येथे, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचे कपडे धुण्याचे दुकान होते, आणि वडिलांच्या पश्चात या मुलाने ते सांभाळले. दुकानाच्या फळीवर बसून अभ्यास करणारी मुले आपल्याही घरांतून झाली आहेत. त्यांना यात आपलेपणा वाटेल. कायद्याचे शिक्षण अर्धवट राहिले आणि हर्श वृत्तसंस्थेत बातमीदार झाले. पुढे अमेरिकन संरक्षण खात्याचे मुख्यालय जे पेंटॅगॉन, तेथील बातम्या ते देऊ लागले. सरकारी निवेदन उतरून घेण्यापेक्षा अधिकाऱ्यांना स्वतः गाठून बोलते करण्याकडे त्यांचा ओढा होता.

१९६९ साली एका वकिलाने त्यांना सूचना दिली की, व्हिएतनाममधील नागरिकांच्या हत्येबद्दल सैन्याने आपल्याच एका अधिकाऱ्यावर खटला भरला आहे. सैन्याने याची वाच्यता अगदी मोघम शब्दांत केली होती. हर्श यांनी जॉर्जिया राज्यातील फोर्ट बेनिंग या छावणीत दिवसभर भटकून लेफ्टनंट विल्यम कॅली यास शोधून काढले. १६ मार्च १९६८ रोजी माय लाय गावी स्त्रिया, मुले व वृद्ध यांची सरसकट कत्तल झाली होती. अमेरिकन गणनेप्रमाणे ३४७, तर व्हिएतनामी गणनेप्रमाणे ५०४ जीव गेले. मोठ्या साप्ताहिकांनी हा वृत्तांत नाकारला. अखेर एका लहानशा वृत्तसंस्थेमार्फत १३ नोव्हेंबर १९६९ रोजी तो प्रसिद्ध झाला. त्या कत्तलीत भाग घेतलेल्या एका सैनिकाच्या आईसही हर्श भेटले. आपण एक चांगला मुलगा सैन्यास दिला आणि सैन्याने त्याचा खुनी करून परत पाठवला, असा त्या माउलीचा विलाप होता. १९७० साली हर्श यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले.

पुढे २२ डिसेंबर १९७४ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यांनी दाखवून दिले की, परदेशांपुरते काम करण्याचे बंधन असलेली गुप्तचर संस्था सीआयए स्वदेशीयांवरच पाळत ठेवीत होती. किमान १०,००० अमेरिकन नागरिकांविषयी टिपणे तिने जमविली होती. यानंतर चौकशी समित्या बसल्या, आणि १९७८ साली अशा पाळतीवर न्यायालयाचा अंकुश आणणारा कायदा झाला. २००४ साली इराकमधील अबू घ्रैब तुरुंगातील कैद्यांच्या छळाचा वृत्तांतही त्यांनी लिहिला.

परंतु नाण्याची दुसरी बाजू आपल्या देशाशी निगडित आहे. १९८३ साली हर्श यांनी हेन्री किसिंजर यांच्यावरील ग्रंथात लिहिले की, मोरारजी देसाई यांनी सीआयएकडून पैसे घेतले होते. आधार होता तो निनावी माहितगारांचा. मोरारजींनी आरोप साफ नाकारून शिकागोत अब्रुनुकसानीचा दावा लावला. खुद्द किसिंजर यांनी साक्ष दिली की, आपल्या माहितीप्रमाणे मोरारजी सीआयएचे हस्तक नव्हते. वृद्धापकाळामुळे मोरारजींना तेथे जाता आले नाही. १९८९ साली ज्यूरीने हर्श यांच्या बाजूने निकाल दिला. सार्वजनिक पुरुषाने दावा जिंकायचा तर लेखकाने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने असत्य लिहिले हे सिद्ध करावे लागते, असा तेथील कायदा आहे. म्हणून या निकालाने आरोप सत्य ठरला, असे होत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यामुळे आपल्यापैकी अनेक घरांत मोरारजींविषयी कटुता होती. पण न्याय हा आवडत्या माणसापुरता नसतो. माय लायच्या वेळी हर्श यांच्यापाशी आरोपी, साक्षीदार आणि कागदपत्रे होती. म्हणून ते सत्य टिकले. मोरारजींच्या बाबतीत वाचकाच्या हाती काय होते? केवळ लेखकाचा शब्द!

बंधुभगिनींनो, निनावी माहितगारावाचून सत्तेची पापे उघड होत नाहीत. त्यास अभय हवेच. पण तो जे सांगतो ते सांगण्यापुरतेच असते, पुरावा नव्हे. आपल्या तरुणांनी पत्रकारितेत अवश्य जावे, आणि आपणही मोबाइलवर आलेला एखाद्याच्या चारित्र्याविषयीचा मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी घटकाभर थांबावे. वर्गाबाहेर उभा केलेला मुलगा आत बोलावता येतो. त्याची खाली गेलेली मान मात्र सहजासहजी वर येत नाही.