पहिल्या प्रतीची किंमत

मार्च १९७७. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याबाहेर टेबल मांडून सेक्स पिस्टल्स या पंक बँडने ए अँड एम कंपनीच्या करारावर छायाचित्रकारांसमोर सह्या ठोकल्या. हा निव्वळ तमाशा होता. खऱ्या सह्या आदल्या दिवशीच झाल्या होत्या. आठवडा उलटायच्या आत कंपनीने करार मोडला. तोवर ‘गॉड सेव्ह द क्वीन’ या सिंगलच्या सुमारे २५ हजार प्रती तयार झाल्या होत्या. त्या नष्ट करण्याचा हुकूम सुटला आणि मोजक्या प्रती तेवढ्या वाचल्या. मे महिन्यात तेच गाणं व्हर्जिन कंपनीने काढलं. बीबीसीने ते वाजवायला नकार दिला, तरी राणीच्या रौप्यमहोत्सवात ते ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं.

व्हर्जिनची प्रत आजही सहज मिळते. ए अँड एमच्या प्रतीला लिलावात १० हजार पौंडांहून जास्त किंमत आली आहे. मागच्या बाजूचं गाणं वेगळं आहे, हे खरं. पण एवढे पैसे काही त्या गाण्याचे नव्हेत. ते घाबरलेल्या कंपनीच्या हातून निसटलेल्या वस्तूचे आहेत.

पंकच्या सिंगल्समध्ये दुर्मिळता अशी भीतीपोटी आली, तशीच खिसा रिकामा असल्यामुळेही आली. लिलावात पहिल्या दुर्मिळतेचा बोलबाला असतो. इतिहास मात्र दुसरीत जास्त सापडतो.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या द सेंट्स या बँडने १९७६मध्ये ‘स्ट्रँडेड’ स्वतःच काढलं, ५०० प्रती. ब्रिटनमधलं पहिलं पंक सिंगल मानलं जाणारं द डॅम्ड या बँडचं ‘न्यू रोझ’ त्यानंतर आलं, ऑक्टोबरमध्ये. मँचेस्टरच्या बझकॉक्सने मित्रांकडून आणि घरून उसने पैसे घेतले, डिसेंबरअखेर एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’च्या १,००० प्रती काढल्या. कोणतं गाणं कितव्या टेकचं, हेही वेष्टनावर छापलं. रेकॉर्ड काढणं ही बड्या कंपन्यांचीच मिरास नाही, हे ऐकणाऱ्याला त्यातून आपोआप कळत होतं. मागणी वाढत गेली तशा हजारो प्रती निघाल्या. १९७९मध्ये ते पुन्हा काढलं, तेव्हा तोवर बँड सोडून गेलेल्या हॉवर्ड डेव्होटोचं नाव वेष्टनावर बँडच्या नावाला जोडलं गेलं. संग्राहकाला तेवढी खूण पुरते.

खुणा ओळखणं हाच या छंदातला खरा रस. शेवटची खाच संपते आणि लेबल सुरू होतं, त्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात मॅट्रिक्स क्रमांक असतो, कधी ठशाने उमटवलेला, कधी हाताने कोरलेला. जॉर्ज पेकम नावाचा ब्रिटिश तंत्रज्ञ तिथे ‘पॉर्की’ अशी आपली सही कोरायचा. जुन्या नाट्यपदांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जमवणाऱ्यांना ही विद्या नवी नाही. तेही दिव्याखाली तबकडी तिरकी धरून आधी क्रमांकच वाचतात.

चूकसुद्धा कामी येते. सेक्स पिस्टल्सचं ‘अनार्की इन द यूके’ १९७६च्या नोव्हेंबरमध्ये ईएमआयने काढलं, आरंभीच्या प्रती कोऱ्या काळ्या वेष्टनात. त्यांच्या लेबलवर दोन्ही बाजूंचा निर्माता म्हणून ख्रिस टॉमसचं नाव पडलं. मागची बाजू डेव्ह गुडमनची होती. नंतर दुरुस्ती झाली, आणि चुकीची प्रत जास्त मोलाची ठरली!

भाव चढले की नकला येतातच. ए अँड एमच्या त्या सिंगलच्या बनावट प्रती बाजारात आहेत. म्हणून जाणकार आधी लेबलची छपाई न्याहाळतो, मग कोरलेली अक्षरं जुळवतो. गाण्याची पाळी सगळ्यात शेवटी येते, कधी येतही नाही. न वाजवलेल्या प्रतीलाच जास्त किंमत असल्यामुळे, पंक ज्यांनी घरी धिंगाणा घालत झिजेपर्यंत ऐकलं त्यांच्या तबकड्या स्वस्तात जातात. बाजाराचा हा न्याय विचित्रच आहे.

वॉशिंग्टनमध्ये १९८०च्या अखेरीस टीन आयडल्स या बँडच्या मुलांनी कार्यक्रमांतून साठवलेल्या पैशांत आपल्या सिंगलच्या १,००० प्रती काढल्या. एक वेष्टन उलगडून त्याचा नमुना केला, मग छापून आणलेले कागद कात्रीने कापले, दुमडले, डिंकाने चिकटवले. डिस्कॉर्ड या कंपनीचं ते पहिलं प्रकाशन. १९९५मध्ये डिस्कॉर्डने आपल्या पहिल्या सहा सिंगल्सची गाणी एकाच सीडीवर आणली, तेव्हा ऐकणाऱ्यांची सोय झाली. हाताने चिकटवलेल्या त्या वेष्टनांसाठीची चढाओढ मात्र तशीच चालू राहिली.