सलाईनची पिशवी आणि आपण गृहिणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी पाककृती, विणकाम, मुलांचे संगोपन अशा विषयांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. यंदा मी सलाईनच्या पिशवीवर बोलणार असे कळविले, तेव्हा आपल्या कार्यवाहबाई हसल्या. “अहो, तो डॉक्टरांचा विषय, आपला कसा?” असे त्या म्हणाल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; डॉक्टरी विद्या मला येत नाही, हे आधीच सांगून टाकते. परंतु आजाऱ्याच्या खाटेपाशी रात्रभर बसते कोण? आपणच. पिशवी संपत आली की सिस्टरना हाक मारायला धावते कोण? आपणच. आणि जरा गळल्यासारखे झाले की “डॉक्टर, एक सलाईन लावा” असे म्हणते कोण? तेही आपणच. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

सासूबाईंच्या आजारपणात मला बारा दिवस रुग्णालयात राहण्याचा प्रसंग आला. तेथील एक सिस्टर मोठ्या समजूतदार होत्या. विचारलेल्या प्रश्नाला त्या कधी कंटाळल्या नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेले आणि मागाहून वाचून पडताळलेले असे काही आज आपणांपुढे ठेवते.

प्रथम पिशवीत असते काय ते पाहू. साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठ, एवढेच असते. एका लिटरला ९ ग्रॅम मीठ. म्हणजे अर्ध्या लिटरच्या पिशवीत साडेचार ग्रॅम. दुसरी ग्लुकोजची. तिच्यावर ५ टक्के असे लिहिलेले असते. त्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे सुमारे पाच लहान चमचे साखर म्हणा ना! आपल्या एका मध्यम भाकरीतून याहून अधिक शक्ती मिळते. मग एवढ्याशा मिठा-साखरेला इतके महत्त्व का? कारण ते पाणी पोटात जात नाही, थेट रक्तात जाते. पोटात गेलेल्या पुष्कळ जंतूंचा समाचार जठरातला आम्लरस घेतो. शिरेच्या वाटेवर असा पहारेकरी नाही. म्हणून त्या पाण्यात एकही जिवंत जंतू असता कामा नये. पिशवीची खरी किंमत आतल्या मिठाची नव्हे, ती बंद राहिली याची आहे.

हे निर्जंतुक करतात कसे? ती रीत आपल्याला परकी नाही. आपल्या कुकरमध्ये वाफ कोंडली की आतली उष्णता शंभर अंशांच्या वर चढते, आणि डाळ लवकर शिजते. कारखान्यात असाच मोठा कुकर असतो. भरून बंद केलेल्या पिशव्या त्यात सुमारे १२१ अंशांवर ठरावीक वेळ ठेवतात. भरणे, बंद करणे आणि मग तापविणे. लोणच्याची बरणी धुऊन, वाळवून, मग तिचे तोंड बांधणाऱ्या बायकांना यातले मर्म चटकन कळेल.

याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १८३२ साली ब्रिटनमध्ये पटकीची साथ होती. स्कॉटलंडमधील लीथ गावच्या थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरने मरणाच्या दारातील रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. काही रोगी उठून बसले. परंतु त्या काळी जंतूंचे ज्ञान नव्हते, पाणी शुद्ध नव्हते, आणि पुढे ही रीत बरीच वर्षे मागे पडली. नंतर काचेच्या बाटल्या आल्या. काचेची अडचण अशी की पाणी खाली उतरले की तेवढी हवा आत शिरावी लागते, नाही तर धार थांबते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके खात पडते, दुसरे पाडले की सरळ धार लागते, हे आपण जाणतोच. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अजून प्लॅस्टिकची जरा कडक बाटली असते व तिच्यात वरून एक सुई टोचून ठेवलेली आपण पाहिली असेल. ती याच हवेसाठी. पण हवेला वाट झाली की धुळीला आणि जंतूंनाही वाट झाली.

मऊ पिशवीने हा प्रश्न सोडविला. पाणी उतरेल तशी ती आपली आपणच मिटत जाते; बाहेरची हवा आत घ्यावी लागत नाही. रक्तासाठी अशी प्लॅस्टिकची पिशवी १९५० च्या सुमारास अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. कार्ल वॉल्टर यांनी तयार केली, आणि कोरियाच्या युद्धात तिचा उपयोग झाला; ती फुटत नाही, हा मोठाच गुण. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९८० च्या दशकात रक्तपिशवीचे तंत्र विकसित केले. रक्तपेढीत एका पिशवीला दुसऱ्या रिकाम्या पिशव्या नळीने जोडलेल्याच असतात. रक्त फिरवून त्याचे थर झाले की वरचा भाग हळूच पलीकडच्या पिशवीत ढकलतात. कोठेही झाकण उघडावे लागत नाही, आणि एका दात्याचे रक्त एकाहून अधिक रोग्यांच्या उपयोगी पडते.

आणखी एक नवल सांगते. ज्यांना पोटातून अन्न घेताच येत नाही, त्यांना शिरेतून संपूर्ण अन्न देता येते. १९६८ साली फिलाडेल्फियाच्या डॉ. स्टॅन्ली डड्रिक यांनी हे सिद्ध केले. हल्ली त्यासाठी तीन कप्प्यांची पिशवी मिळते. एकात ग्लुकोज, एकात प्रथिनांचे घटक, एकात स्निग्ध पदार्थ. आधीच एकत्र का करीत नाहीत? दूध आटविताना ते तांबूस होते ना, तसे साखर आणि प्रथिने एकत्र तापवून ठेवली की त्यांचा रंग बदलतो आणि ती बिघडतात. म्हणून मधले पडदे कच्चे चिकटवलेले असतात. द्यायच्या वेळी पिशवी बाहेरूनच दाबली की पडदे सुटतात आणि सारे आतल्या आत मिसळते. हे अन्न महाग असते, आणि ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

मिसळण्यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवा. पिशवीत दुसरे औषध घालणे म्हणजे आमटीत मीठ घालणे नव्हे. सेफ्ट्रायक्झोन हे नेहमी वापरले जाणारे इंजेक्शन. आणि रिंगर लॅक्टेट ही नेहमीचीच सलाईन. पण त्या सलाईनमध्ये कॅल्शियम असते, आणि ही दोन एकत्र आली की बारीक खडे धरू शकतात. नवजात बालकाच्या तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून काय मिसळले, किती, केव्हा, याची चिठ्ठी पिशवीवर लावलेली असावी. आपण ती नम्रपणे विचारावी. त्यात कोणाचा अपमान नाही.

आता ज्यासाठी हा विषय घेतला, त्याकडे वळते. माझ्या धाकट्या जाऊबाईंना सारखा थकवा येई. जिना चढला की धाप लागे. घराजवळच्या एका दवाखान्यात महिन्याभरात तीन सलाईन लावल्या. दर वेळी संध्याकाळपर्यंत बरे वाटे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अखेर मी त्यांना मोठ्या रुग्णालयात नेले. रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ७. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, जेवणात पालेभाजी, कडधान्ये, सुकट आले, आणि चार महिन्यांत बाई पुन्हा कामाला लागल्या. विचार करा: रक्त कमी, आणि वरून मिठाचे पाणी! त्याने रक्त कसे वाढणार? पैसे गेले ते गेले, मूळ दुखणे महिनाभर झाकून राहिले हे अधिक वाईट. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड अधू आहे, त्यांच्या फुप्फुसांत तर जास्तीचे पाणी साचून जीव घुसमटतो.

मग सलाईन वाईट का? मुळीच नाही. अपघातात रक्त वाहून गेले, जुलाब-उलट्यांनी रोगी ग्लानीत गेला, शस्त्रक्रिया झाली, तर तीच जीव वाचविते. आपल्या फाट्यावर रात्रंदिवस अवजड गाड्या धावतात. अशा ठिकाणी ही पिशवी देवासारखी. पण ज्याचे तोंड चालते, ज्याच्या पोटात पाणी टिकते, त्याच्यासाठी देवाने दिलेली वाट उघडी आहे. शिरेची वाट विनाकारण उघडू नये.

याचा पुरावा १९७१ सालचा आहे. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मापून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून, त्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद करविली. ती पुडी पाण्यात कालवून आप्तांनीच रोग्यांना पाजायची. मृत्यूंचे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. २०२२ साली ते वारले, आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. रोग्यांच्या आया-बहिणींच्या हातून झालेले हे काम आहे, भगिनींनो!

तीच पुडी आज ओआरएस म्हणून आशाताई व अंगणवाडीत मिळते. एक लिटरची पुडी पुऱ्या एक लिटर शुद्ध पाण्यातच कालवावी. अर्धी-अर्धी करू नये, वर साखर घालू नये, चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. मुलाला थोडे थोडे, चमच्या-चमच्याने पाजावे आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे. दुकानातील गोड पेयांना ओआरएस समजू नये; २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली आहे. मात्र मूल पाणी पिईनासे झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

रुग्णालयात सलाईन लागलीच, तर खाटेपाशी बसणारीने काय पाहावे? पिशवीवरील नाव आणि मुदत वाचावी. पाणी स्वच्छ आहे की गढूळ, आत कण तरंगतात का, पिशवी कोठे पाझरते का, हे सिस्टरना दाखवून घ्यावे. थेंबांची गती आपण वाढवू नये; “लवकर संपू दे” म्हणून चाक फिरविणे धोक्याचे. हात सुजला, जळजळला, किंवा सलाईन सुरू झाल्यावर थंडी वाजून ताप भरला, तर तत्काळ सांगावे. अर्धी उरलेली पिशवी पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

आणि औषध बाहेरून आणविले तर बिल घ्यावे. त्यावर बॅच क्रमांक असतो. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रोगी दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. आतले द्रव्य आपल्याला डोळ्यांनी पारखता येत नाही. पण ते कोठून आले याचा माग बिलावरून लागतो.

शेवटी रिकाम्या पिशव्यांविषयी. पूर्वी सलाईनच्या नळ्यांचे सुबक मासे विणत, हे आपल्यापैकी पुष्कळींना आठवत असेल. कोणी बाटल्या कुंडीवर टांगून झाडांना थेंब थेंब पाणी देतात. कला चांगली, वस्तू चांगली नव्हे. २०१६ च्या नियमांप्रमाणे सलाईनच्या नळ्या-बाटल्या रुग्णालयाच्या लाल पिशवीत आणि रक्ताच्या पिशव्या पिवळ्या पिशवीत जावयाच्या असतात. आपल्या भागात भंगाराची गोदामे आहेत. तेथे आपल्यासारख्याच बायाबापड्या उघड्या हातांनी माल निवडतात. घरी कोणाला सलाईन लावली, तर रिकामी पिशवी, नळी व सुई लावणाऱ्यानेच परत न्यावी, असा आग्रह धरावा.

मंडळाला माझी विनंती एवढीच आहे, की पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभासदेच्या घरी ओआरएसच्या दोन पुड्या असाव्यात, आणि मंडळाच्या कपाटात एक लिटरचे माप असावे. आशाताईंना बोलावून एक दिवस साऱ्याजणींनी स्वतःच्या हाताने पुडी कालवून पाहावी. खर्च थोडा आहे, आणि काम आपल्या हातचे आहे.