परीक्षेचे दिवस आणि आईबाप

माघ सरत आला, कीं दहावीचें मूल असलेल्या घरीं एक चमत्कारिक शांतता पसरते. दूरदर्शनसंच बंद होतो, पाहुण्यांना "सध्यां येऊं नका" म्हणून कळविण्यांत येतें, आणि मूल जेवावयास बसलें, तरी "किती झालें?" हा प्रश्नच आधीं पानांत वाढला जातो. हेतु उत्तम, परंतु ही शांतताच मुलाच्या छातीवर धोंड्यासारखी बसते.

मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली. तेव्हांपासून हें भय मराठी घरांत नांदत आहे. भय सर्वस्वी वाईट नव्हे. थोडें भय मुलाला अभ्यासास बसवितें. मर्यादेबाहेर गेलें, म्हणजे छाती धडधडते, अन्नावरची वासना उडते आणि पाठ असलेलें उत्तरहि ऐन वेळीं आठवत नाहीं. तें मर्यादेंत राखणें, एवढेंच पालकांचें काम.

पहिली गोष्ट झोपेची. १३ ते १८ वर्षांच्या मुलांस ८ ते १० तास झोप हवी, असें वैद्यकशास्त्र सांगतें. दिवसा वाचलेलें झोपेंत मनावर ठसतें. पहांटे चारला हांक मारण्यापूर्वीं मूल रात्रीं केव्हां निजलें, हें पाहावें.

दुसरी अभ्यासाची. तोच धडा पुनःपुन्हां वाचण्यापेक्षां पुस्तक मिटून आठवेल तें लिहून काढलें, तर तें अधिक टिकतें; रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं हें प्रयोगानें दाखविलें. बापाला बीजगणित येत नसलें, तरी पुस्तक हातांत धरून ऐकून घेणें त्याला येतें.

तिसरी व सर्वांत अवघड गोष्ट बोलण्याची. एका घरीं गणिताच्या आदल्या रात्रीं मुलगी रडूं लागली. आई म्हणाली, "अगं, तुला नव्वद मिळणारच!" मुलगी अधिकच रडूं लागली, तिला नव्वदांचीच धास्ती होती. वडील जवळ बसले. "कमी पडले, तर काय होईल असें वाटतें तुला?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याशीं बोलणार नाहीं." सहामाहीच्या निकालानंतर आपण चार दिवस खरोखरच अबोल होतों, हें वडिलांना आठवलें. त्यांनीं तें कबूल केलें, चुकलें म्हणून सांगितलें. मुलगी त्या रात्रीं शांत निजली.

परीक्षा पुन्हां देतां येते. अनुत्तीर्ण मुलांसाठीं त्याच वर्षीं पुरवणी परीक्षेची सोय आहे. मूल मात्र पुन्हां मिळत नाहीं. जगण्यांत अर्थ नाहीं, असें तें बोलूं लागलें, तर तें थट्टेवारी नेऊं नये. त्याला एकटें सोडूं नये, डॉक्टरांकडे न्यावें. २०२२ सालीं सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

निकाल कांहींहि लागो, त्या दिवशीं ताट नेहमींप्रमाणेंच वाढलें जाईल, एवढें मुलाला आजच ठाऊक असूं द्यावें.