फीची पावती
(मंडळाच्या वर्धापनदिनी मोहोपाडा येथे झालेले भाषण)



आजच्या दिवशी मला चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही आमच्यापाशी ओट्यावर बसून जे बोलता तेच इथे बोला." म्हणून मी आज एका अगदी घरगुती विषयावर बोलणार आहे. तो विषय म्हणजे मुलींची कॉलेजची फी.

प्रथम माझीच गोष्ट सांगते. १९७४ साली मी अकरावी मॅट्रिक झाले. आमच्या घरातली मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी. वडिलांची शेती थोडी, तीही पावसाच्या भरवशावरची. तरी त्यांनी मला कॉलेजात घातले. एस. टी. ने जावयाचे, एस. टी. ने यावयाचे. पहिले सहा महिने बरे गेले. दुसऱ्या सत्राची फी भरावयाची वेळ आली, आणि त्याच आठवड्यात थोरल्या भावाचीही फी आली. घरात पैसे एकाच फीपुरते होते. वडील रात्रभर ओटीवर बसून राहिले. सकाळी म्हणाले, "बाई, तू आता घरीच राहा. त्याला नोकरी लागली की बघू."

वडील दुष्ट नव्हते. माझ्यावर त्यांची माया होती. पण घरातला हिशेब असाच होता. पैसे कमी पडले की मुलीच्या नावापुढे आधी रेघ मारावयाची. भावाला नोकरी लागली, आणि त्या वर्षी माझे लग्नही झाले. पुढे कोणी काही बघितले नाही.

परंतु खरी सल ही नव्हे. ती पुढे आहे. बऱ्याच वर्षांनी मला कळले, की आमच्यासारख्यांसाठी सरकारची सवलत होती. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, १९६० च्या सुमारास, आपल्या राज्यात ई. बी. सी. ची सवलत सुरू झाली. ज्या घरचे वर्षाचे उत्पन्न १२०० रुपयांहून कमी, त्या घरच्या मुलांना फी माफ. पुढे ती मर्यादा वाढत गेली. आमच्या शाळेत तिला सगळे नादारीच म्हणत. एक अर्ज आणि उत्पन्नाचा एक दाखला, एवढेच काय ते लागत होते. वडिलांना ते ठाऊक नव्हते. मला ठाऊक नव्हते. आणि नादारी मागावयाची म्हणजे चार लोकांत गरिबी उघडी करावयाची, ही लाजही होतीच. भगिनींनो, माझे शिक्षण पैशावाचून थांबले असे मी इतकी वर्षे म्हणत आले. आज म्हणते, ते न विचारल्यामुळे थांबले.

आता आपण म्हणाल, हे जुने झाले. पण तसे नाही. गेल्या वर्षी आपल्याच आळीतल्या एका मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. सवलत तिला लागू होती. घरच्यांनी उत्पन्नाचा दाखला मात्र काढून ठेवला नव्हता. प्रवेश नक्की करावयाला मोजके दिवस. आईने पाटल्या गहाण ठेवल्या आणि फी भरली. सवलत पुढे मंजूर झाली, भरलेले पैसे परतही आले. पण मधल्या महिन्यांचे व्याज गेले ते गेलेच. त्या माउलीला मी नावे ठेवीत नाही. तिने लेकीचे वर्ष वाचविले. पण एका कागदासाठी पाटल्या जाव्यात, हे आपण टाळू शकलो असतो.

शिक्षणासाठी दागिना मोडणारी थोर बाई आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची गरीब मुले एकत्र राहू लागली. त्यांच्या जेवणाखाण्यासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी एकेक करून अंगावरचे सोने विकले. शेवटी मंगळसूत्रही ठेवले नाही. १९३० साली त्या गेल्या. त्यांच्या सोन्यावर उभ्या राहिलेल्या त्या संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आज आपल्या जवळ पनवेलला आहे, आणि आपल्या भागातल्या किती मुली तिथे शिकून गेल्या! लक्ष्मीबाईंनी सोने विकले, कारण तेव्हा मागावयाला दुसरे दार नव्हते. आज दारे आहेत. ती ठोठावावयाचे काम आपले आहे.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. आपल्या जिल्ह्यात, महाडला, त्यांनी १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, हे आपण जाणतोच. पण त्यांचेही शिक्षण पैशासाठी मध्येच थांबले होते, हे किती जणींना ठाऊक आहे? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेला गेले, तिथून लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. मग मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठविले. शाहू महाराजांची मदत झाली, एका पारशी मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली पदवी घेऊनच परतले. थांबलेले शिक्षण संपलेले नसते, एवढेच मला यातून घ्यावयाचे आहे.

आता आजची व्यवहाराची गोष्ट. ८ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारने निर्णय केला, की व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या, इतर मागासवर्गातल्या, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातल्या आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ. घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे, आणि प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत नाही. खाजगी विद्यापीठातही नाही. आधी ही माफी निम्मी होती.

पण पावती नीट वाचा. पावतीवर शिक्षणशुल्क एक असते, विकासशुल्क दुसरे असते, शिवाय अनामत असते. माफी सगळ्या रकमेची नाही. वसतिगृह, खाणावळ, पुस्तके, गाडीचा पास हा खर्च तर राहतोच. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाहभत्ता योजना आहे, तिचीही चौकशी करावी. अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावयाचा, आणि दर वर्षी नव्याने करावयाचा. पहिल्या वर्षी केला म्हणजे झाले, असे समजू नये. जे कमी पडेल त्यासाठी सावकाराकडे जाण्याआधी बँकेत जावे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आपल्या गावाला याची गरज का आहे, तेही सांगते. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी १९६० साली स्थापन झाली, पुढे तिचा कारखाना आला, रसायनी वसली, आणि कायम नोकरीचा पगार घरात येऊ लागला. त्या पगारावर मुले शिकली. २०१७ साली तिथले उत्पादन बंद करण्याचा निर्णय झाला. आज पुष्कळ घरांत ठेकेदारीचे काम आहे. महिन्याचे पैसे येतात, पण जूनमध्ये एकरकमी फी निघेल असे नाही. म्हणून मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवते.

पहिली, दर एप्रिलमध्ये मंडळाच्या फळ्यावर कागदांची यादी लावावी. उत्पन्नाचा चालू वर्षाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला व त्याची पडताळणी, आधारला जोडलेले बँकेचे खाते. बारावीचा निकाल लागण्याआधी हे सारे पेटीत हवे.

दुसरी, ज्या आईला खालापूरला तहसील कचेरीत एकटीने जावयास संकोच वाटतो, तिच्याबरोबर आपल्यातल्या दोघींनी जावे. हळदीकुंकवाला आपण जोडीने जातोच ना?

तिसरी, फीसाठी एक निधी करावा. शंभर जणींनी महिन्याला पन्नास रुपये टाकले तर वर्षाला साठ हजार होतात. ज्या मुलीची सवलत मंजूर व्हावयाची आहे तिला ते बिनव्याजी द्यावेत, पैसे आले की तिने परत करावेत. म्हणजे कोणाच्या पाटल्या जाणार नाहीत.

आणि एक गोष्ट कोणत्याही योजनेत बसत नाही. घरात फी एकाचीच निघत असेल, तर नावापुढे रेघ मारण्याआधी लेकीला समोर बसवून बोला. माझ्याशी त्या रात्री कोणी बोलले असते, तर कॉलेजच्या कचेरीत जाऊन चौकशी कर, असे एखादे तरी कोणी मला सुचविले असते.

त्या सत्राची माझी फी ऐंशी-नव्वद रुपये होती. ती भरावयाची राहून गेली. आज त्या फीपोटी मी या निधीत पाच हजार एक रुपये देत आहे. पावती मात्र माझ्या नावाने फाडावी. कॉलेजची नसली तरी फीची एक पावती माझ्यापाशी असावी, अशी इच्छा आहे.