कराराचे विमान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बाहेरचा पाहुणा बोलावण्याऐवजी यंदा आपल्यापैकीच एकीने बोलावे असे कमिटीने ठरविले, आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृतीवर बोला, असे दोघीतिघींनी सुचविले. पण पुरणपोळी तुम्हां सर्वांना माझ्यापेक्षा चांगली जमते. म्हणून जे रोज आपल्या डोक्यावरून जाते, त्या विमानाविषयी चार शब्द बोलणार आहे.

विश्रांतवाडीच्या बाईला विमानाचे काय कौतुक, असे तुम्ही म्हणाल. लोहगावचा तळ आपल्याला इतका जवळ की, हवाई दलाची सुखोई उठली म्हणजे कुकरची शिट्टी झाली की नाही हे ओट्याजवळ जाऊन पाहावे लागते. आवाजाची आपल्याला सवय झाली आहे. पण विमान कोणाचे, ते कोणासाठी जाते आणि त्याचे पैसे कोण भरतो, हे विचारण्याची सवय मात्र आपल्याला नाही. ती असावी, असे मला वाटण्याचे कारण आधी सांगते.

माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा आय. टी. आय. करून वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करावयास शिकला. २०१८ साली त्याचे शारजाला जावयाचे ठरले. तेव्हा एक एजंट घरी येऊन बसला. "चार्टर विमान आहे, त्याला तिकीट नसते, यादीत नाव असते, पंचेचाळीस हजार रोख द्या," असे त्याचे म्हणणे. जाऊबाईंनी पाटल्या मोडून पैसे तयार ठेवले होते. आमच्या सासूबाई देवासमोर वाती वळीत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "एस. टी.च्या कराराच्या गाडीलासुद्धा पावती मिळते, मग विमानाला कशी मिळत नाही?" एजंट चहा न घेताच उठला. पुढे त्याने आपल्याच भागातील दुसऱ्या एका घरी तेच सांगितले. ते पैसे गेले, आणि तो मुलगा रात्रभर मुंबईच्या विमानतळाबाहेर बॅगेवर बसून राहिला. त्या माउलीचे नाव मी घेणार नाही. पण तिने अजून मंगळसूत्राखेरीज काही केलेले नाही.

सासूबाई चार इयत्तासुद्धा शिकलेल्या नाहीत, परंतु चार्टर म्हणजे काय हे त्यांनी एका वाक्यात सांगितले. लग्नाच्या वऱ्हाडाला आपण एस. टी.ची गाडी ठरवितो. तिच्या पाटीवर गावाचे नाव नसते, 'प्रासंगिक करार' असे लिहिलेले असते. गाडी महामंडळाची, चालक महामंडळाचा, पण त्या दिवसापुरती ती अख्खी गाडी आपली. किती माणसे चढली याच्याशी महामंडळाला कर्तव्य नाही. पैसे पूर्ण गाडीचे, आणि रिकामी परत आली तरी तेवढेच. विमानाचेही असेच. रोजच्या वेळापत्रकाचे विमान सुटते तेव्हा दहा जागा रिकाम्या राहिल्या तर तोटा कंपनीचा. कराराच्या विमानात सगळ्या जागा आधीच कोणीतरी घेतलेल्या असतात. तोट्याची धास्ती नाही, म्हणून भाडे उतरते.

इतके साधे असेल तर मोठ्या कंपन्यांनी ते स्वतःच्या नावाने का केले नाही? मलाही हा प्रश्न पडला. माझ्या मुलीने मोबाईलवर शोधून वाचून दाखविले, काही मी वाचनालयात चाळले. त्या काळी निरनिराळ्या देशांच्या विमान कंपन्या एकत्र बसून परदेशप्रवासाचे भाडे ठरवीत, आणि ते कोणी कमी करावयाचे नाही असा दंडक होता. अख्खे विमान ठरविणाऱ्या गटाला मात्र निराळा नियम. तेव्हा मोठ्या कंपन्यांनी युक्ती केली. घराच्या मुख्य दारावरचे भाव तसेच ठेवले आणि बाजूला दुसऱ्या नावाचे छोटे दुकान काढले. फ्रान्सच्या एअर फ्रान्सने १९६६ साली एअर चार्टर इंटरनॅशनल काढली. इंग्लंडच्या सरकारी बी. ई. ए.ने १९६९ साली बी. ई. ए. एअरटूर्स काढली. आणि १९७१ साली आपल्या एअर इंडियाने मुंबईत एअर इंडिया चार्टर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली.

एअर इंडियाचे घराणे तुम्हांला ठाऊक आहेच. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरविले, तिथून ते सुरू झाले. १९५३ साली ते सरकारी झाले. त्याचा तो मिशीवाला, वाकून नमस्कार करणारा महाराजा! घराणे मोठे, थाट मोठा. अशा घरात जी धाकटी जाऊ म्हणून येते तिचे काय होते, हे या सभागृहात मी कोणाला सांगावे? पाहुण्यांसमोर थोरली, चुलीपाशी धाकटी. चार्टर्स कंपनीचे नाव पुढे तीसएक वर्षे आपल्यासारख्यांच्या कानावर फारसे आलेच नाही.

कराराचे काम म्हणजे हौसेच्या सहली एवढेच नव्हे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. तिथे अडकलेले आपले लोक वाळवंटातून जॉर्डनमधील अम्मानपर्यंत आले, आणि तिथून एअर इंडियाने जवळजवळ दोन महिने विमानांमागून विमाने मुंबईला आणली. एक लाखाहून अधिक माणसे परत आली. ती विमाने कोणत्या वेळापत्रकात बसणारी नव्हती. सरकारने सांगितले, विमाने गेली. हाही एक प्रासंगिक करारच, फक्त प्रसंग लग्नाचा नव्हता.

धाकटीला खरे दिवस आले ते २००५ साली. त्याच जुन्या चार्टर्स कंपनीने एअर इंडिया एक्स्प्रेस हे नाव घेतले, आणि २९ एप्रिल २००५ रोजी तिरुवनंतपुरमहून अबू धाबीला पहिले विमान गेले. आता हे कराराचे राहिले नव्हते, रोजचे झाले होते; पण रीत तीच, साधेपणाची. बोइंग ७३७ जातीची एकसारखी विमाने. आत एकच वर्ग, साहेबांसाठी पुढे निराळा पडदा नाही. बसणारे कोण? गवंडी, सुतार, चालक, परिचारिका, घरकामाला गेलेल्या बाया. आखातात राबणारा केरळी माणूस हा तिचा मुख्य उतारू, म्हणून २०१३ साली कंपनीचे मुख्य ठाणेही मुंबईहून कोचीला गेले. मुंबईकरांना ते लागले असेल, पण मला त्यात गैर वाटत नाही. ज्याची भाकरी खातो त्याच्या दारी राहावे.

स्वस्त म्हणजे हलके, ही समजूत तेव्हा होती आणि अजूनही आहे. आमच्याकडेच मुलाचे तिकीट आले तेव्हा एका नातेवाइकाने नाक मुरडले, "हे खरे एअर इंडिया नव्हे." त्यात २२ मे २०१० चा मंगळुरूचा अपघात लोकांच्या मनातून गेलेला नाही. दुबईहून आलेले विमान डोंगरमाथ्यावरील धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. १६६ पैकी १५८ माणसे गेली. किती घरांत दुबईच्या पेट्यांची वाट पाहत बसले असतील! हे झाकून ठेवून मला त्या कंपनीचे कौतुक करावयाचे नाही.

पण २०२० सालही सांगितले पाहिजे. महामारीत सगळी विमाने बंद झाली. आमच्या मुलाचे काम सुटले, एका खोलीत नऊ जण, आणि जाऊबाईंच्या तोंडी अन्न जाईना. सरकारने वंदे भारत मोहीम सुरू केली. ७ मे २०२० रोजी पहिली दोन विमाने अबू धाबी आणि दुबईहून केरळात आली, ती दोन्ही एअर इंडिया एक्स्प्रेसची. जाताना रिकामे जावयाचे आणि येताना भरून आणावयाचे. भाडे उतारूंनीच भरावयाचे होते. वैमानिक आणि विमानातील मुली अंगभर झगा, तोंडावर मुखपट्टी अशा वेशात. त्या मुलींच्या आयांना रात्री झोप लागली असेल का, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

आमच्या मुलाचे नाव लागले ते ११ ऑगस्टला. आणि ७ ऑगस्टच्या रात्री दुबईहून कोळिकोडला येणारे विमान मुसळधार पावसात धावपट्टीपुढे घसरून दरीत पडले, त्याचे तुकडे झाले. १९० माणसांपैकी २१ गेली. दोन्ही वैमानिक त्यांत होते, कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहकारी अखिलेश कुमार. साठे आपले महाराष्ट्राचे, नागपूरच्या घराण्यातील. आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकलेले, हवाई दलात विंग कमांडर झालेले. निम्मी धावपट्टी संपल्यावर चाके टेकली आणि उतरण्याचे ठरलेले नियम पाळले गेले नाहीत, असे पुढच्या वर्षी चौकशी अहवालात आले. तज्ज्ञांचे ते काम. मी दोन्ही गोष्टी तुमच्यापुढे ठेवते. त्या रात्री कोंडोट्टीचे गावकरी रोगाची भीती न बाळगता पावसात धावले, जखमींना स्वतःच्या गाड्यांतून नेले आणि रक्त देण्यासाठी रांगा लावल्या, हेही तितकेच खरे.

जाऊबाई म्हणाल्या, त्याला येऊ देऊ नका. दीर म्हणाले, तिथे काय खाणार? तीन दिवस घरात नीट स्वयंपाक झाला नाही. शेवटी मुलानेच फोनवर सांगितले, "काकू, आईला सांग, मी बसतोय." तो मुंबईला उतरला, चौदा दिवस वेगळा राहिला आणि मग घरी आला. आता परत गेला आहे.

पुढचे थोडक्यात सांगते. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली, आणि धाकटीही तिच्याबरोबरच गेली. ऑक्टोबर २०२४ पासून पूर्वीची एअरएशिया इंडियाही तिच्यात मिळून गेली, त्यामुळे आता ती देशातल्या देशातही पुष्कळ उडते, लोहगावलाही येते. २०२३ पासून तिच्या नव्या विमानांच्या शेपटीवर बांधणी, पटोला, अजरख असे आपल्या ओळखीचे कापडाचे नमुने रंगविलेले असतात. गच्चीवर कपडे वाळत घालताना पाहा, एखादे ओळखू येईल.

आता ज्यांची मुले बाहेर निघाली आहेत त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. कराराचे विमान असले तरी प्रत्येक उतारूच्या नावाचा कागद असतो. विमान कोणत्या कंपनीचे, त्याचा क्रमांक काय, कोठून किती वाजता सुटणार, हे त्यावर असते. एक्स्प्रेसच्या क्रमांकाआधी आय. एक्स. ही अक्षरे असतात, थोरलीच्या आधी ए. आय. तो क्रमांक कंपनीला फोन करून स्वतः विचारावा. एजंटाच्या फोनवरून नव्हे. आणि जो मुलगा दहावी झालेला नाही, त्याच्या पारपत्रावर आखातातील नोकरीसाठी सरकारी तपासणीची अट असते. त्यासाठी मुंबईला सरकारी कार्यालय आहे, आणि परवाना असलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर मिळते. कोणाला ती पाहावयाची असेल तर दुपारी तीननंतर माझ्याकडे यावे, मुलगी मोबाईलवर काढून देईल.

माझी दहा मिनिटे झाली. आता पानसुपारी घ्या.