पाठीतले पाणी काढणे : भीती आणि वस्तुस्थिती



डॉक्टरांनी ‘पाठीतले पाणी तपासावे लागेल’ असे सांगितले की घरात रडारड सुरू होते. ‘ती सुई टोचली की पाय जातात’ असे कोणीतरी सांगतो आणि सही करायला आलेला बाप पेन खाली ठेवतो. मेंदूज्वर किंवा मेंदूचा क्षय असेल, तर असा घालवलेला वेळ रोग्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून ही तपासणी आज नीट समजून घेऊ.

हिला लंबर पंक्चर म्हणतात. क्विंके या जर्मन डॉक्टरांनी १८९१ साली ती प्रचारात आणली. मेंदू व मज्जारज्जूभोवती स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो. मोठ्या माणसात तो सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि शरीर रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार करते. तपासणीला घेतात तो दोन-तीन लहान चमचे. तो काही तासांत भरून येतो.

मग पाय जातात का? मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली घालतात. त्यामुळे कायमची इजा फारच क्वचित होते. खरे म्हणजे मेंदूचा क्षयच कधी कधी अंग लुळे करतो आणि दोष मात्र सुईच्या माथी येतो.

रोग्याला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात. जागा बधिर करतात. तेव्हा थोडे चुरचुरते, नंतर दाब जाणवतो. पायात चमक आली तर तोंडाने सांगावे, हलू नये. सगळे अर्ध्या तासात आटोपते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, रक्त लवकर थांबत नसेल, भुलेच्या औषधाची ॲलर्जी असेल किंवा पाठीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधीच सांगा. काही रोग्यांचा सीटी स्कॅन आधी करावा लागतो.

नंतर काहींचे डोके दुखते. बसल्यावर वाढते, आडवे झाल्यावर कमी होते. भरपूर पाणी, चहा आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी. बहुधा काही दिवसांत ते थांबते. परंतु ताप, मान ताठणे, पायात अशक्तपणा, लघवी अडणे, टोचल्या जागेतून पाणी गळणे किंवा डोकेदुखी वाढत जाणे, यांपैकी काहीही झाल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

मित्रहो, सही करण्यापूर्वी विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तपासणी कशासाठी, धोका काय, न केल्यास काय होईल, हे तीन प्रश्न निःसंकोच विचारा. विद्यार्थ्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे. शंका डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्याच्या ऐकीव गोष्टीवरून रोग्याला घरी नेऊ नका, एवढीच विनंती.