गुण आपले, साक्ष दुसऱ्यांची

सीतेच्या शोधार्थ निघालेले वानर समुद्रतीरी येऊन थबकले, तो रामायणातील प्रसंग आपणां सर्वांस ठाऊक आहे. कोण किती योजने उडी मारू शकेल याचा हिशेब प्रत्येक जण मांडीत होता. हनुमान मात्र एका बाजूस मुकाट बसून होता. तेव्हा वृद्ध जांबवंत त्याच्यापाशी गेला आणि सूर्याला फळ समजून बालपणी त्याने घेतलेल्या झेपेची त्याला आठवण करून दिली. हनुमानाच्या अंगी बळ आधीपासूनच होते. जांबवंताने त्याची केवळ साक्ष दिली.

आपले दोष आपणांस दिसत नाहीत, ते शेजाऱ्यास दिसतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु गुणांचीही गोष्ट तीच आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. १९५५ साली जोसेफ लुफ्त आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मनुष्याच्या स्वभावाची चार तावदानांची एक खिडकी कल्पिली. दोघांच्या नावांवरून तिला 'जोहारी खिडकी' म्हणतात. तिच्या एका तावदानात, जे जगाला दिसते पण ज्याचे त्याला दिसत नाही, ते सारे येते. तेथे केवळ दोषच दडलेले असतात, असे मानण्याचे कारण नाही.

गुण असा दृष्टीआड का राहतो? जे सहज साधते, त्याचे मोल आपणांस वाटत नाही म्हणून. घरातील भांडण दोन शब्दांत मिटविणाऱ्या वहिनींचे कोणी कौतुक केले, तर त्या म्हणतात, "त्यात काय विशेष?" आणि हे त्या विनयाने म्हणत नाहीत, त्यांना ते खरोखरीच तसे वाटते.

चार्ल्स डार्विनचे उदाहरण पाहा. वैद्यकीचा अभ्यास त्याने अर्धवट सोडला होता. शिकार आणि कुत्री यांपलीकडे मुलाचे लक्ष नाही, अशी वडिलांची तक्रार होती. पुढे केंब्रिजमध्ये भुंगेरे जमविण्याचा नाद लागला. १८३१ साली 'बीगल' जहाजावर निसर्गाभ्यासक हवा होता, तेव्हा वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांनी या बावीस वर्षांच्या तरुणाचे नाव सुचविले. तो पारंगत शास्त्रज्ञ आहे, असे त्यांनी म्हटले नाही. नमुने गोळा करणे, निरीक्षण करणे आणि नोंदण्याजोगे ते नोंदून ठेवणे, या कामास तू पुरेपूर लायक आहेस, एवढेच त्यांनी त्याला पत्राने कळविले. वडिलांना जेथे उनाडकी दिसत होती, तेथे गुरूंना नेमका गुण दिसला.

हा नेमकेपणाच स्तुती आणि साक्ष यांतील भेद होय. भाट म्हणतो, "आपण थोर आहात." साक्षीदार म्हणतो, "अमुक प्रसंगी आपण अमुक केलेत." म्हणून "माझ्यात कोणते गुण आहेत?" असे कोणास विचारू नये, त्याचे उत्तर भिडेखातर गोडच मिळते. "माझ्या हातून काही चांगले झाले, असा एखादा प्रसंग आठवतो का? मी तेव्हा काय केले होते?" असे विचारावे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी अशीच एक रीत तयार केली आणि २००५ साली ती सर्वसाधारण वाचकांपुढे मांडली. आप्त, सहकारी, जुने स्नेही अशा दहा-वीस माणसांकडून प्रसंग मागवावयाचे आणि त्यांतून वारंवार डोकावणारे सूत्र शोधावयाचे. एकाचे म्हणणे सौजन्य असू शकेल. परंतु एकमेकांस न ओळखणारी तिघे तेच सांगू लागली, तर त्यावर विश्वास ठेवावा. अर्थात गुण कळला म्हणजे काम झाले, असे नाही. जांबवंताने सांगितल्यावरही उडी हनुमानालाच मारावी लागली.

आणि साक्ष मागण्याइतकेच ती वेळेवर देणेही अगत्याचे आहे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी शेतात राबताना, जात्यावर दळताना गाणी रचीत. त्यांना अक्षरओळख नव्हती. घरच्यांनी काही गाणी टिपून ठेवली होती. १९५१ साली त्या निवर्तल्या. त्यानंतर पुत्र सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखविली, अत्र्यांनी त्यांचे मोल तत्काळ ओळखले आणि १९५२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. उभ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. ते पाहावयास बहिणाबाई मात्र राहिल्या नव्हत्या.

आपल्याकडे माणसाचे गुण बहुधा शोकसभेत सांगितले जातात. सभा भरते, वक्ते गहिवरून बोलतात. ज्याने ते ऐकावयाचे, तो तेवढा तेथे नसतो. आपल्या परिचयाच्या एखाद्या माणसाविषयी असे काही मनात असेल, तर ते आजच त्याला दोन ओळींच्या पत्राने कळवावे. कोण जाणे, तोही कोठे किनाऱ्यावर मुकाट बसून असेल.